तोंडी शब्द आणि लेखी कागद

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह होता. धम्मावर लिहावे इतका आमचा अभ्यास नाही. कविता आम्ही कॉलेजात असताना केल्या आणि तेथेच सोडून दिल्या. राहता राहिली बँकेतली नोकरी. वीस वर्षे काउंटरवर बसून जे पाहिले, त्यातलेच चार शब्द समाजबांधवांपुढे ठेवावेत, असे ठरवले.

घरातला कर्ता माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर आठवड्याभरात घरची मंडळी बँकेत येतात. हातात पासबुक, मृत्यूचा दाखला आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स. बोलतो तो थोरला मुलगा. त्याची आई मागे बाकावर पदर सावरून बसलेली असते. "साहेब, नॉमिनी मी आहे. म्हणजे पैसे माझेच ना?" हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की तो येण्यापूर्वीच आमची नजर बाकाकडे जाते. त्या माउलीने हा प्रश्न ऐकलेला असतो, पण ती काही बोलत नाही.

उत्तर असे आहे की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच नॉमिनेशनने ठरते. पैसे ज्याच्या हाती पडले त्याने ते कायदेशीर वारसांना त्यांच्या त्यांच्या हिश्श्याप्रमाणे पोहोचवायचे असतात. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच असे सांगितले होते. पुढे २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि आईवडील, पती, पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच, अशी सोय झाली. पण ती फक्त विम्यापुरती. शेअर आणि म्युच्युअल फंडाचा प्रश्न १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने मिटला. हा दावा कोणाच्या घरातला होता? ज्यांचे 'कालनिर्णय' आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर लटकते, त्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला. तेथेही न्यायालयाने हेच सांगितले की नॉमिनीला मालकी मिळत नाही, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्रानेच मिळते. गृहनिर्माण सोसायटीतल्या फ्लॅटचेही तसेच. साळगावकरांनी मृत्युपत्र केलेले होते, तरी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मग ज्याने काहीच लिहून ठेवलेले नाही त्याच्या घरी काय होत असेल, याची कल्पना करावी.

याचा अर्थ नॉमिनेशन करूच नये, असा मात्र कोणी घेऊ नये. नॉमिनी नसेल तर पैसे अडकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला एकाच वेळी चार नॉमिनी, प्रत्येकाची टक्केवारी लिहून, नेमता येतात. लॉकरला एकाच वेळी अनेक नेमता येत नाहीत, एकामागून एक असा क्रम लावता येतो. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठीही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नियम सुटसुटीत केले. सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतच्या दाव्याला, वारसांत वाद नसेल तर, कोर्टाचा कागद मागू नये असे त्यात आहे. दहा वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसाला परत मागता येते, आणि २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर शोधताही येते. मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा महापालिकेत नोकरी करून गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची अशी खाती असू शकतात. गावी बसलेल्या घरच्यांना त्यांची वार्ताही नसते. शोधून पाहायला हरकत नाही.

आता मृत्युपत्राकडे वळू. मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, "मेल्याआधीच मरणाचे काय बोलता?" क्षणभंगुरतेची शिकवण दर पौर्णिमेला ऐकणाऱ्या समाजाने असे म्हणावे याची आम्हांला गंमत वाटते. दुसरी मंडळी मुंबईत राहून आलेली असतात. ती म्हणतात, "मृत्युपत्र केले की पोरांना हायकोर्टात जाऊन प्रोबेट काढावे लागते. वर्षे जातात, वकिलाची धन होते. त्यापेक्षा नकोच." या दुसऱ्या म्हणण्यात एकेकाळी तथ्य होते. म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे, असे न्यायालयाने तपासून दिलेले प्रमाणपत्र. इंग्रजांनी १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा केला. त्यात हिंदूंबरोबर जैन, शीख आणि बौद्ध असे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ८६ वर्षे आधी 'बौद्ध' हा शब्द मृत्युपत्राच्या कायद्यात होता, मात्र तेव्हा तो आपल्यासाठी नव्हता! तो कायदा बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई या दोन शहरांपुरता होता. पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात तीच विभागणी कलम ५७ मध्ये आली, आणि कलम २१३ ने सांगितले की या हद्दीतल्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येणार नाही.

हद्द हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मुंबईत बसून केलेले मृत्युपत्र, किंवा बाहेर केलेले पण मुंबईतल्या घराबद्दलचे मृत्युपत्र, यांनाच ती सक्ती होती. मुरूडला किंवा म्हसळ्याला बसून, गावच्याच जमिनीबद्दल आणि घराबद्दल केलेल्या बौद्धाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. तोच माणूस गणपतीच्या सुट्टीत गावी न येता परळच्या खोलीत बसून तेच मृत्युपत्र लिहिता, तर मात्र सक्ती लागू झाली असती. हा भेद शंभरांतल्या नव्वदांना ठाऊक नव्हता. मुंबईचे नियम ऐकून रायगडातली माणसे घाबरून राहिली आणि कागद न करताच गेली.

ही सक्तीही आता राहिलेली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुने कायदे रद्द आणि दुरुस्त करणारा एक अधिनियम मंजूर केला, त्यात हे कलम २१३ वगळण्यात आले. मुंबईतल्या घरासाठीसुद्धा आता प्रोबेट सक्तीचे नाही. ज्यांची प्रकरणे आधीच न्यायालयात दाखल आहेत त्यांनी आपापल्या वकिलाला विचारावे. प्रोबेटची सोय कायद्यात शिल्लक आहेच. वारसांत भांडण असेल, सही खोटी आहे असा आरोप होत असेल, तर प्रोबेट घेऊन टाकलेले बरे, कारण मग तो प्रश्न सर्वांपुरता मिटतो.

मृत्युपत्र नसले तर काय होते? तेव्हा कायदाच वाटणी करतो. आपण धम्म स्वीकारला तरी वारसाच्या बाबतीत आपल्याला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियमच लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा उल्लेख आहे. हे अनेकांना खटकते, वेगळ्या बौद्ध कायद्याची मागणीही होत असते. तो स्वतंत्र विषय आहे. परंतु या कायद्याच्या मुळाशी कोण आहे ते विसरून चालणार नाही. हिंदू कोड बिल मार्गी लागेना म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्याच बिलाचा वारसाहक्काचा भाग पुढे वेगळा होऊन १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत धम्मदीक्षा झाली.

या कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, या सर्वांना सारखा हिस्सा मिळतो. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून केली होती, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यात वगळल्या होत्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो भेद गेला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला, तशी गरज नाही.

येथे थोडे कडू बोलायचे आहे. वारस नोंद करायची वेळ आली की भाऊ बहिणीला गाडीभाडे पाठवून बोलावतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, एक साडी देतात आणि एस.टी.त बसवून देतात. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर कोणाचेच काही म्हणणे नाही. पण आपण काय सोडतो आहोत हे तिला वाचून दाखवले जाते का? याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. दरवर्षी त्या दिवशी आपण भाषणे करतो. त्या भाषणांत टाळ्या वाजवणारे काही हात आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहिणीचा अंगठा धरून शाईवर टेकवताना पाहिले आहेत.

स्त्रियांबद्दल आणखी एक. विवाहित स्त्री मूलबाळ नसताना, पतीच्या पश्चात, मृत्युपत्र न करता वारली तर तिची स्वतःच्या कमाईची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागून येतात. आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जाते. आपल्या कितीतरी भगिनी आज शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका आहेत. ज्या दिराने कधी विचारपूस केली नाही त्याच्याकडे आपली आयुष्याची पुंजी जावी की आपल्या म्हाताऱ्या आईकडे, हे ठरवणे त्यांच्याच हाती आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले होते.

आता जमिनीबद्दल. आपल्या किनाऱ्यावर जमिनीला आज जो भाव आहे तो आपल्या आजोबांनी स्वप्नातही पाहिला नसेल. मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट लागते, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पांढऱ्या गाडीतून उतरणारे एजंट वाडीवाडीत फिरतात. आणि आपली स्थिती काय? सातबारावर अजून आजोबांचे, कुठे पणजोबांचे नाव. तेही कसे? जुन्या नोंदींत आडनाव नाहीच. नाव, बापाचे नाव आणि पुढे 'महार'. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळे. हा नातू त्या आजोबांचाच, हे सिद्ध करायला वंशावळ, प्रतिज्ञापत्र, जुने शाळेचे दाखले, पोलीसपाटलाचा दाखला, अशी वणवण सुरू होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छपरे उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पंचनामे झाल्यावर भरपाईची रक्कम कोणाच्या खात्यात टाकायची, हा प्रश्न आला. ज्या घराची पट्टी मयताच्या नावावर होती त्या घरची माणसे आमच्या काउंटरवर दुसरे खाते उघडता येईल का, असे विचारीत आली होती. खाते उघडून तो प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

ही जमीन आपल्या नावावर सहजासहजी आलेली नाही. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल मांडले. खोती रद्द करण्याचे बिल त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले. अलिबागजवळच्या चरी गावाने नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षे संप केला, त्याला बाबासाहेबांचा पाठिंबा होता. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कनिष्ठ गाववतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. मग ती वतनाची जमीन सारा भरून घेऊन आपल्याच माणसांना पुन्हा देण्यात आली, पण नव्या शर्तीवर. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असते ते यामुळे. अशी जमीन वारसाने मुलांकडे येते, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता किंवा बक्षीस देता येत नाही. एजंट यावर तोड काढतो. "परवानगीचे आम्ही बघू, तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्रावर सही करा." सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे की कुलमुखत्यारपत्रावरून जमिनीची मालकी जात नाही. मुखत्यारपत्र लिहून देणारा वारला की साधारणतः तो कागदही संपतो. तरीही त्या सहीमुळे पुढची दहा वर्षे कोर्टात जातात, आणि कोर्टात थकतो तो नेहमी गरीबच.

म्हणून पहिले काम वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, ज्यांना आपण अजून तलाठीभाऊसाहेब म्हणतो त्यांच्याकडे वर्दी द्यायची असते. फेरफार पडतो, पंधरा दिवस हरकतीसाठी ठेवतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मात्र फेरफार हा सरकारी नोंदीचा कागद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. तो ज्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो ते १८२७ सालचे आहे. भीमा-कोरेगावच्या लढाईनंतर नऊ वर्षांनी झालेला हा कायदा आजही आपल्या कोर्टात चालतो. बँकेतली ठेव, रोखे अशा येणे रकमेसाठी मागतात तो उत्तराधिकार दाखला वेगळा. दोन्हींत गल्लत करून लोक भलताच अर्ज करतात आणि वर्ष वाया घालवतात.

मृत्युपत्र करणे याहून पुष्कळ सोपे आहे. कोरा कागद चालतो. स्टँप लागत नाही. भाषा आपली मराठी. करणारा अठरा वर्षांवरचा आणि शुद्धीवर असावा. मिळकत मोघम लिहू नये. 'माझी शेती माझ्या धाकट्यास' असे लिहिले की भांडणाला जागा ठेवलीच म्हणून समजा. गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, घराचा ग्रामपंचायतीतला नंबर, बँकेचे नाव आणि खाते क्रमांक, सारे लिहावे. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. यात जे लिहायचे राहिले ते कोणाला, हेही एका वाक्यात लिहावे. एखाद्या वारसाला कमी दिले किंवा दिलेच नाही तर त्याचे कारण शांत शब्दांत लिहावे, राग कागदावर उतरवू नये. अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावा.

सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांच्या समोर करावा, आणि साक्षीदारांनी आपापली सही करणाऱ्याच्या समोर करावी. नेमके येथेच चुकते. कागद घरी सही करून ठेवतात आणि साक्षीदारांची सही मागाहून त्यांच्या घरी जाऊन आणतात. पुढे कोर्टात साक्षीदाराला पहिला प्रश्न येतो, "तुमच्या समोर सही झाली का?" आणि तो प्रामाणिक माणूस "नाही" म्हणतो. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत, नाहीतर तेच आधी जायचे. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, संशयाला वाव राहतो. करणारा वयस्क असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी असे आमचे मत आहे. मात्र नोंदणी केलेले मृत्युपत्र बदलता येत नाही हा गैरसमज आहे. शेवटचे मृत्युपत्र खरे, मग आधीचे नोंदलेले असले तरी. मृत्युपत्र कोठे ठेवले आहे हे निदान दोघांना माहीत असावे. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली ठेवलेला कागद पाच वर्षांनी सापडल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे, तोवर वाटण्या होऊन घराला दुसरा दरवाजा पडला होता.

भाड्याच्या खोलीचे मृत्युपत्र होत नाही, हेही येथे सांगून टाकू. मुंबईची पागडीची खोली 'धाकट्याला दिली' असे लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असा १९९४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तेथे मयताबरोबर कोण राहत होते, याला महत्त्व येते.

काही जण म्हणतात, मेल्यावर कशाला, जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाकतो. पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा मयत मुलाची बायको यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक अवघा २०० रुपये आहे, इतर किरकोळ आकार वेगळे. नोंदणी मात्र सक्तीची. कागद चोख होतो, पुढे कोर्टाचे कारण उरत नाही. पण बक्षीसपत्र झाले की आपण आपल्याच घरात पाहुणे. मृत्युपत्र उद्या फाडता येते, बक्षीसपत्र फाडता येत नाही. द्यायचेच असेल तर 'देणाऱ्याचा शेवटपर्यंत सांभाळ करावा' अशी अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. मग मुलाने सांभाळले नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येते. अट नसेल तर ते अवघड जाते. घरात अपंग किंवा मतिमंद अपत्य असेल तर आईवडिलांनी खासगी ट्रस्टचा विचार करावा. १८८२ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रातूनही तो करता येतो. मिळकत विश्वस्तांच्या नावे राहते आणि तिचे उत्पन्न त्या अपत्यावर खर्च होते. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

शेवटी विहाराबद्दल लिहितो. खरे म्हणजे हा लेख लिहायला आम्ही बसलो ते त्यासाठीच.

आपल्या जिल्ह्यात बौद्धवाडी तेथे विहार, अशी स्थिती आहे. त्यातले किती विहार विहाराच्या स्वतःच्या जागेत आहेत? बहुतेक ठिकाणी कोणा वडीलधाऱ्याने भर सभेत उभे राहून सांगितले, "माझी ही दोन गुंठे विहाराला दिली." टाळ्या झाल्या, सरणत्तय झाले, मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढली, गावच्या मंडळाने श्रमदान केले आणि विहार उभा राहिला. कागद कोणी केला नाही. कायद्याच्या दृष्टीने जमिनीचे तोंडी दान हे दानच नाही. देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी, तिन्ही हवेत. नाहीतर जागा देणाऱ्याचीच राहते आणि त्याच्या पश्चात वारसांकडे जाते.

बरे, घ्यायला कोण? मंडळ नोंदलेले हवे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्टची नोंद असली पाहिजे, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज गेला पाहिजे. अनेक मंडळांच्या नोंदीवर अजून संस्थापकांचीच नावे आहेत, त्यांतले निम्मे दिवंगत. ट्रस्टला दिलेल्या बक्षिसाला ती २०० रुपयांची सवलत नाही, मुद्रांक बाजारभावाप्रमाणे लागतो, त्याची तरतूद वर्गणीत करावी. जागा गावठाणात असेल तर सोपे. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एकदा जागा ट्रस्टची झाली की मग ती कोणालाही परस्पर विकता येत नाही, धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते.

आमच्या वाडीतल्या विहाराची जागा आमच्या चुलत आजोबांनी दिली. सन १९७४, धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमचे वडील त्या सभेला होते. आजोबांना मूलबाळ नव्हते आणि त्यांनी काही लिहून ठेवले नाही. म्हणून ती गावठाणातली अडीच गुंठे आज कागदोपत्री त्यांच्या पाच पुतण्या-पुतणींच्या पोटी गेलेली आहे, आणि त्या पाच घरांपैकी एक घर आमचे आहे. म्हणजे लोकांना वीस वर्षे शहाणपण सांगणारे आम्हीच त्या विहाराच्या जागेचे एक मालक! दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे एका मुंबईकराचा बंगला उठला आणि एक एजंट आमच्याच दारात येऊन विचारू लागला, "त्या देवळाच्या जागेचे वारस तुम्हीच का?" विहार आहे, असे त्याला सांगितले. तो म्हणाला, "कागदावर तर परडे आहे."

त्या रात्री वडिलांना झोप आली नाही. त्यांचे वय एक्क्याऐंशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः काठी घेऊन फेरी सुरू केली. मंडळाचा बदल अर्ज अलिबागला दाखल झाला आहे. वारस नोंद झाली. बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडून तयार आहे, मुद्रांकाची रक्कम मुंबईच्या मंडळाने जमवली आहे. पाचांपैकी चार घरे सहीला तयार आहेत. पाचवे घर आत्याच्या मुलीचे. ती नालासोपाऱ्याला असते. तिच्या आईच्या वाटणीच्या वेळी भावांनी तिला काय दिले, हे तिने वडिलांना फोनवर विचारले. वडिलांकडे उत्तर नव्हते. त्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही आहे.

येत्या रविवारी वडील आणि आम्ही तिच्याकडे जात आहोत. सहीचा कागद बरोबर नेणार नाही. आधी तिचे म्हणणे ऐकायचे, असे वडिलांनी ठरवले आहे.